अर्जदाराच्या रकान्यात संस्थाच

ट्रेडमार्कचा ठराव झाला ना, पोरी? मग एक गोष्ट घट्ट धर. अर्जदार म्हणून संस्थाच लिही. कुणीतरी हमखास म्हणेल, अध्यक्षांच्या नावावर टाकू, फी निम्मी पडते. पडते खरी. ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे, म्हणजे वस्तू किंवा सेवेच्या दर प्रकारामागे, व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००, आपण 'बाकीच्यां'त. पण मग कागदोपत्री मालक अध्यक्षच. उद्या ते रुसले किंवा वारले, तर पाटीवरचं नाव मागायला वारसांच्या दारात जाशील? ही काटकसर मी तरी करणार नाही.

'आपण फुकट शिकवतो, आपल्याला व्यापारचिन्ह कशाला?' असंही सभेत कुणी विचारेल. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात सेवेच्या व्याख्येत शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, एवढं सांग आणि पुढच्या विषयावर जा.

खरी गल्लत वर्गांत होते. मुलांना कोडिंग शिकवणं हा वर्ग ४१च. समोर संगणक आहे म्हणून ते ४२ होत नाही. दुसऱ्या शाळांसाठी सॉफ्टवेअर तयार करून देता, आपल्या सर्व्हरवरून चालवू देता, ते ४२. फोनवर उतरवून घ्यायचं ॲप ९मध्ये, छापील कार्यपुस्तिका १६मध्ये. टीएम-ए हा एकच अर्ज सगळ्या वर्गांना चालतो, पण फी वर्गागणिक लागते आणि एका वर्गावर आक्षेप आला की बाकीचेही रखडू शकतात. म्हणून ४१चा अर्ज वेगळा भर. आणि 'पुढेमागे करू' म्हणून वर्ग अडवून ठेवू नकोस. नोंदणीनंतर पाच वर्षं वापर नसला, तर ते नाव काढून टाका असा अर्ज कुणीही हितसंबंधी करू शकतो.

'डिजिटल शाळा' असलं नुसतं वर्णनाचं नाव टिकणं कठीण. आधी शब्द नोंदव, बोधचिन्ह नंतर. चिन्ह दर नव्या कार्यकारिणीला बदलावंसं वाटतं! ते काळ्या-पांढऱ्यात दे, म्हणजे सगळे रंग आपोआप आले. देवनागरी नावासोबत त्याचं रोमन लिप्यंतर आणि अर्थ जोड.

वापर आधीपासून असेल, तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे लागतात. जुनी पावतीपुस्तकं, शिबिरांची पत्रकं, तारखेसह छापलेलं काहीही. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी कपाट बघ.

ईमेल मात्र संस्थेचा दे, कुणा उत्साही स्वयंसेवकाचा नको. तो नोकरीला पुण्याला जातो आणि तपासणी अहवाल त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो. उत्तराला मिळतो एक महिना. तो चुकला तर अर्ज सोडून दिल्यात जमा. ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्ज प्रसिद्ध झाल्यावर चार महिने हरकतींसाठी असतात. तोवर लेटरहेडवर 'टीएम' छाप. गोलातला 'आर' नोंदणी होईपर्यंत छापायचा नाही, कायद्यात त्याला दंड आहे. छापखानेवाल्याला हे लेखी कळव.