खुब्याचं दुखणं आणि पेन्शनचा कागद

अगं, रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आल्यापासून तुझं जेवणात लक्ष नाही, असं आई म्हणाली. पत्रात काय असणार ते मला न वाचता ठाऊक आहे. मालकांची डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर, कारण आजार ‘नाना’. म्हणजे तो नोकरीमुळे जडलेला नाही आणि नोकरीमुळे बळावलेलाही नाही. कितीतरी घरांत हे पत्र ट्रंकेच्या तळाशी जातं आणि माणूस लंगडत लंगडत शेताला लागतो. तू तसं होऊ देऊ नकोस, अपील करायचं. ते मेडिकल बोर्डाचं मत आहे. मत दिलं की कारणही द्यावं लागतं, आणि नुसता ‘नोकरीशी संबंध नाही’ एवढा शेरा असेल तर तो पुढे टिकणं कठीण असतं.

हे मी तुला धीर द्यायला म्हणून बोलत नाही. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली हे स्पष्ट सांगितलंय. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून घेतलं, तेव्हाच्या कागदावर आजाराची नोंद नाही, म्हणजे गडी धडधाकट होता असंच धरायचं. पुढे आजार जडला तर तो नोकरीतला. बोर्डाला तसं वाटत नसेल तर त्यांनी कारण लिहावं. सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही. हा निकाल १९८२ च्या नियमांवरचा आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आणि त्यानंतर बाहेर पडलेल्यांची वाट जास्त अवघड झाली. तुझे मालक त्या तारखेच्या आधी घरी आले, तेव्हा त्यांना हे नवे नियम लागत नाहीत. अपिलात निवृत्तीची तारीख अगदी वरच लिहा.

आता खुब्याचं. हे नीट वाच, कारण अपील बहुतेक इथंच अडतं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या खोबणीत फिरतो, आणि त्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या मोजक्याच. हाड मोडलं, सांधा निखळला, किंवा आणखी कशानं रक्त तुटलं, की तो गोळा आतून मरत जातो आणि शेवटी बसतो. मालकांच्या फाइलवर ‘एव्हीएन’ लिहिलंय ते हेच. पण खुबा बिघडला तरी माणूस खुबा दुखतो म्हणत नाही. कळ जांघेत येते, कित्येकदा फक्त गुडघ्यात. आठव बरं, त्यांनी एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, पहिल्यांदा काय सांगितलं होतं? गुडघा दुखतो. गोळ्या मिळाल्या, चार दिवस लाइट ड्यूटी मिळाली, एक्स-रे काढला तोही गुडघ्याचा. सुरुवातीला खुब्याच्या साध्या एक्स-रेतही काही दिसत नाही, एमआरआय लागतो. बोर्ड मात्र म्हणतं, खुब्याची तक्रार शेवटी शेवटी, तीही पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगला, सुरू झाली. तेव्हा गुडघ्याच्या त्या जुन्या नोंदी हुडकून काढा आणि दुखणं तिथूनच सुरू झालं होतं असं अपिलात लिहा. हाडांच्या डॉक्टरांकडून तसं दोन ओळींचं पत्र मिळालं तर उत्तम. पीस स्टेशनलाही पीटी चुकत नाही, पाठीवर वजन घेऊन पळणं चुकत नाही, हेही लिहा.

आणि तुला जे दिसलं ते तू सांग. सुट्टीवर आले की पंगतीत मांडी घालून बसता येत नव्हतं, भिंतीला टेकून पाय लांब करून जेवायचे. उजवा मोजा तू घालून द्यायचीस, कारण पाय वर उचलतच नव्हता. ते कोणत्या साली, कोणत्या पोस्टिंगवरून आले असताना, तेवढं आठवून लिही. मेडिकल रेकॉर्डची जागा त्यानं भरून निघत नाही, पण मधल्या वर्षांचा दुवा लागतो.

एक अवघड गोष्ट बोलते, राग मानू नकोस. या आजारात दारूचं नाव निघतंच. वर्षानुवर्षं भरपूर पिणं हे एव्हीएनचं एक खरं कारण आहे, म्हणून डॉक्टर विचारतात, आणि मग गावात कुजबुज सुरू होते. मालकांना एकांतात शांतपणे विचार. पीत असतील तर लपवू नका, खोटं एकदा उघडं पडलं की खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. पण पीत नसतील, सर्व्हिसमध्ये त्यासाठी रेड इंक एंट्री, म्हणजे शिक्षेची नोंद, नाही, दवाखान्यात नोंद नाही, आणि तरी बोर्डानं ते कारण लिहिलं असेल, तर कशाच्या आधारावर लिहिलं असं ठणकावून विचारा. फौजीच्या इज्जतीचा प्रश्न आहे, इथं मऊ बोलू नका. दुसरं म्हणजे, मिलिटरी हॉस्पिटलमध्ये कधी दुसऱ्या आजारासाठी बरेच दिवस स्टेरॉइड दिलं होतं का तेही बघा. त्यानंही खुबा जातो, आणि तो उपचार नोकरीतच झालेला असतो.

कागदांत सगळ्यात मोठा कागद एएफएमएसएफ-१६, मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत. दिली नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, तरी नाही दिली तर माहिती अधिकारात मागा. कुठं पडले-धडपडले असतील तर इंज्युरी रिपोर्ट. डिस्चार्ज स्लिपा, पोस्टिंगची यादी. मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नकोस.

पैशाचं म्हणशील तर टक्का बघ. वीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व लागतं. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, त्याखाली त्या प्रमाणात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालामुळे पन्नासच्या आतलं अपंगत्व पन्नास धरून घेता येतं. पगार ४०,००० असेल तर पूर्ण हिस्सा १२,००० आणि पन्नासला ६,०००, वर महागाई भत्ता. तेवढ्यात पोराची फी निघते.

पहिलं अपील पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत करायचं. ते फेटाळलं तर दुसरं, आणि मग मुंबईचं सशस्त्र दल न्यायाधिकरण. उशीर झाला तर दार बंद होत नाही, पण थकबाकी साधारण मागच्या तीनच वर्षांची मिळते, म्हणून रेंगाळू नका. आणि खुबा बदलायचं ऑपरेशन केसपायी थांबवू नका. डॉक्टर करा म्हणाले तर ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, करून घ्या, फक्त आधीच्या एमआरआयच्या फिल्म जपून ठेवा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मालकांना घेऊन तू स्वतः जा. ते भिडस्त आहेत, ‘ठीक आहे साहेब’ म्हणून परत येतील. थकबाकीत हिस्सा मागणारे एजंट तिथं बाहेर भेटतील, त्यांच्या कोऱ्या कागदावर सही करू नका. अपिलाचा मसुदा झाला की पाठवायच्या आधी मला व्हॉट्सॲप कर, मी ओळ न् ओळ वाचते.