एक फोटो, तीन धावपटू

आम्ही काही जण दर रविवारी नववी-दहावीच्या मुलांचे वर्ग घेतो. गणित-सायन्स झालं की शेवटचा अर्धा तास मोकळा असतो. त्यात मी घेतलेला एक धडा इथे देत आहे. कुणालाही घेता येईल. साहित्य फक्त एक फोटो.

फोटो मेक्सिको सिटी ऑलिम्पिकचा आहे, 16 ऑक्टोबर 1968 चा, 200 मीटरच्या बक्षीस समारंभाचा. आधी काहीच सांगायचं नाही. "काय दिसतंय?" एवढंच विचारायचं. मुलं बरोबर टिपतात: दोघांच्या मुठी वर, माना खाली, पायांत बूट नाहीत. एकाचा उजवा हात वर, दुसऱ्याचा डावा. तिसरा गोरा खेळाडू नुसताच उभा.

आता माहिती. पहिला टॉमी स्मिथ, वेळ 19.83 सेकंद, जागतिक विक्रम. तिसरा जॉन कार्लोस. दोघे कृष्णवर्णीय अमेरिकन. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. कायद्याने समानता आली होती, पण घर, नोकरी, शाळा यांत भेदभाव चालूच होता. बूट काढले ते आपल्या लोकांची गरिबी दाखवण्यासाठी. हातमोज्यांची जोडी एकच होती, कारण कार्लोस आपली जोडी विसरला. म्हणून एक उजवा, एक डावा!

इथे एखादा मुलगा हमखास म्हणतो, "सर, खेळात राजकारण कशाला?" हाच धड्याचा गाभा. ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांचंही तेच म्हणणं होतं. दोघांना संघातून काढून ऑलिम्पिक ग्राममधून बाहेर घालवलं. पण 1936 मध्ये बर्लिनला नाझी सलाम झाले, तेव्हा अमेरिकन समितीचे प्रमुख असलेल्या याच ब्रंडेजनी हरकत घेतली नव्हती. मग राजकारण कोणतं चालतं आणि कोणतं नाही, हे कोण ठरवतं? यावर मुलांना भांडू द्यावं. उत्तर आपण देऊ नये.

एक दुरुस्ती मात्र जरूर करावी. त्यांची पदकं काढून घेतली असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. पण देशात परतल्यावर दोघांना धमक्या आल्या आणि पोटापाण्यासाठी बरीच वर्षं झगडावं लागलं.

आता तिसरा माणूस. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन, वेळ 20.06. तो नुसता उभा नाही. छातीवर बघा, त्या दोघांसारखाच मानवी हक्कांचा बिल्ला आहे. पॉल हॉफमन या अमेरिकन नौकानयनपटूकडून त्याने तो मागून घेतला होता. हातमोजे वाटून घ्या, ही सूचनाही त्याचीच. मायदेशी त्याला टीका आणि उपेक्षा सोसावी लागली. 2006 मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस गेले होते. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची माफी मागितली ती 2012 मध्ये.

सॅन होजे विद्यापीठात 2005 साली या प्रसंगाचा पुतळा उभारला. त्यात दुसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी आहे. नॉर्मनचीच तशी इच्छा होती, म्हणजे बघायला येणाऱ्याला तिथे उभं राहता येईल.

गृहपाठ म्हणून मी एकच प्रश्न देतो: अन्याय आपल्यावर होत नसताना आपण त्या जागेवर उभे राहू का? पाच ओळीत लिहा. मित्रहो, होस्टेलवाल्यांनीही लिहायला हरकत नाही.