अन्न टाकवत नाही, मग काय करावे?

उरलेले अन्न टाकायला आपल्या घरांत हात धजत नाही. हा कंजूषपणा नव्हे. आपल्या वाडवडिलांनी येसकरीच्या पाळीला मागून आणलेल्या शिळ्या भाकरीवर दिवस काढले. 1972 च्या दुष्काळात सुकडीवर मुले जगवली. ती भूक आपण विसरलेलो नाही. म्हणून रात्रीचा भात आपण झाकून ओट्यावर ठेवतो आणि सकाळी फोडणी देऊन मुलांच्या डब्यात भरतो.

पण जंतूंना आपला इतिहास कळत नाही. तांदळातल्या काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास उबेला राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. हे विष फोडणीने किंवा पुन्हा गरम केल्याने जात नाही. भाताला वास येईलच असे नाही, चवही बदलत नाही. म्हणून ‘वास घेऊन बघ’ ही आपली परीक्षा इथे फसते.

दुसरी अडचण मनाची. ‘इतकी वर्षे खातोय, काय झाले?’ असे आपण म्हणतो. जुलाब झाले, तर खापर उन्हावर नाहीतर नजरेवर फोडतो. रात्रीच्या भाताची आठवण कुणाला होत नाही.

तिसरी गोष्ट विटाळाची. 1927 साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी शेण-गोमूत्राने ते तळे ‘शुद्ध’ केले. पवित्र आणि स्वच्छ हे दोन शब्द वेगळे आहेत, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? तरी लखलखीत भांड्यांच्या मांडणीकडे पाहून आपणही फसतो. कोंबडी कापलेल्या विळीवरच कोशिंबिरीचा कांदा चिरतो आणि एकाच ओल्या फडक्याने ओटा, ताट व हात पुसतो.

मग काय करावे? आम्ही एवढेच सुचवतो:

• माणसे मोजून तांदूळ घ्या.
• भात, डाळ, रस्सा उरला तर दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरात, पसरट भांड्यात निववून फ्रीजमध्ये ठेवा. खाताना वाफ येईपर्यंत गरम करा.
• फ्रीज नसेल तर गरम असतानाच शेजारी वाटून टाका. रात्रीसाठी भाकरी करा. कोरडी भाकरी भातापेक्षा बरी टिकते.
• कच्च्या मटण-कोंबडीनंतर विळी, पाट आणि हात साबणाने धुवा. फडके रोज धुऊन उन्हात वाळवा.
• बुद्ध पौर्णिमा भर उन्हाळ्यात येते. विहारातली खीर वाटपाच्या वेळेलाच शिजवा, सकाळपासून करून ठेवू नका.

उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस सुरू करा. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर लगेच दवाखाना गाठा.

अन्नाचा मान मोजून रांधण्यात आणि वेळेवर वाटून खाण्यात आहे. भुकेची आठवण जरूर जपावी, पण तिच्यापायी मुलांना आजारी पाडू नये.