दोनशेपानी वही

लेक जन्मली त्या संध्याकाळी सिस्टरने विचारलं, "बाळाला शू किती वेळा झाली?" मी बायकोकडे पाहिलं, बायकोने तिच्या आईकडे. कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सहकारी बँकेत कॅशियर. आकडा जुळला नाही की मला जेवण जात नाही. रात्रीच समोरच्या दुकानातून दोनशेपानी वही आणली आणि रकाने आखले: वेळ, किती मिनिटं प्यायली, शू, शी, शेरा. गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत जे शिकलो ते या वहीतलं. क्रमही वहीतलाच.

१. वजन आधी उतरतं.

जन्मताना २ किलो ९००, तिसऱ्या दिवशी २ किलो ६९०. मी हिशेब केला: सात टक्क्यांच्या वर तूट! घाम फुटला. बायकोला वाटलं, आपल्यालाच दूध नाही. भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी तर पावडरचा डबाच आणला होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, पहिल्या दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरू शकतं, दोनेक आठवड्यांत भरून येतं, लक्ष ठेवू. आईचं दूधच उत्तम हे त्या डब्यावरच छापलेलं असतं, १९९२ च्या कायद्यानुसार ते छापावंच लागतं, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी सांगितलं तर डबा जरूर उघडावा, त्यात पाप नाही. पण आमच्याकडे दुखणं वेगळंच होतं. लेक नुसतं बोंड धरत होती. सिस्टरने तिची हनुवटी खाली करून भोवतालचा काळा भागही तोंडात दिला आणि पाजताना बायकोच्या तोंडून निघणारा ओरडा थांबला. चौदाव्या दिवशी काटा २ किलो ९८० वर होता. त्या आकड्याखाली मी दोन रेघा मारल्या आहेत.

२. दूध मोजता येत नाही, शू मोजता येते.

पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले झाले तर पोटात पुरेसं जातंय. एवढंच. नाशिकच्या जुलैत ते सहाच्या सहा लंगोट वाळवायचे कसे, याला मात्र डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. इस्त्री हेच औषध.

३. सहाण आणि सासूबाई.

सासूबाई वाईहून आल्या त्या सहाण घेऊनच. सोबत पुरचुंडीत मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, खारीक, बदाम. शिवाय मोहरीची उशी, बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून. डॉक्टरांनी सांगितलेलं असं: सहा महिने दुधाशिवाय काही नाही, पाण्याचा थेंबही नाही. मध तर वर्षाच्या आत बोटानेही चाटवायचा नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. आणि झोपवायचं पाठीवर, उशीशिवाय.

मी हे सगळं मोबाइल पुढे धरून वाचून दाखवलं. आजही त्याची लाज वाटते. सासूबाई म्हणाल्या, "माझी तिन्ही पोरं गुटीवर वाढली, त्यातल्या एकीशी तुम्ही लग्न केलंत." आणि दिवसभर गप्प. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाणेचा आवाज आला तसा मी धावत स्वयंपाकघरात गेलो. त्या खारीक-बदाम उगाळत होत्या. ती पेस्ट त्यांनी गरम दुधात ढवळली आणि पेला स्वतःच्या लेकीच्या हातात दिला. वेखंड आणि जायफळ पुरचुंडीतच राहिलं. उशीतली मोहरी पुढे फोडणीत गेली.

४. न्हाऊ घालणाऱ्या मावशी.

पाटावर पाय पसरून बसायच्या, लेकीला पायांवर आडवी घ्यायच्या. पाणी तापलं की आधी स्वतःचं कोपर बुडवून बघायच्या. त्यांच्या हातात लेक रडता रडता झोपायची. माझ्या हातात झोपेतून उठून रडायची. पण नाकाकानात तेल सोडणं, वावडिंगाची धुरी, डोळ्यांत काजळ, आणि नवजात बाळाची सुजल्यासारखी दिसणारी छाती पिळणं (ती आईकडून आलेल्या हार्मोन्समुळे फुगते, आपोआप बसते) एवढ्याला आम्ही नाही म्हटलं. "दादा, अर्धी गल्ली मी न्हाऊ घातलीय," मावशी म्हणाल्या. मी म्हटलं, "मग मलाही शिकवा." त्या हसल्या आणि शिकवलं. काजळाची तडजोड तळपायावरच्या तिटेवर झाली. आता रविवारची अंघोळ माझ्याकडे असते.

५. संध्याकाळी सात ते दहा.

सहाव्या आठवड्यातली पानं बघितली की अजून पोटात गोळा येतो. शेऱ्याच्या रकान्यात ओळीने एकच शब्द: रडली, रडली, रडली. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी विरोध केला नाही. निदान घरातलं कुणीतरी काहीतरी करत होतं. हे रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला शिगेला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तसंच झालं. तोवर तिला हातावर पालथी घेऊन बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनखाली येरझाऱ्या घातल्या.

एका रात्री माझेच हात थरथरायला लागले, रागाने. तिला पाळण्यात ठेवलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि पाच मिनिटं गॅलरीत उभा राहिलो. ती रडत राहिली. रडू द्यावं. वैतागून बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, त्यापेक्षा गॅलरी बरी. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, तडक दवाखाना.

६. वहीत नसलेला रकाना.

त्रेचाळिसावा दिवस. बायको बाथरूमचा नळ सोडून आत रडत होती, हे मला नळ बराच वेळ बंद झाला नाही म्हणून कळलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "तू ऑफिसमधून फोन करून काय विचारतोस? शू किती झाली." वही उघडून बघितली. तिच्याविषयी त्यात एक अक्षर नव्हतं. लेक झोपली तरी तिला झोप येत नसे, हे सासूबाईंच्या लक्षात आलं होतं. माझ्या नाही.

पहिले दोन आठवडे रडू येणं पुष्कळ बाळंतिणींच्या बाबतीत होतं आणि जातं. त्यापुढे टिकलं तर तो आजार असू शकतो. डॉक्टरांनी तिच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली: दहा प्रश्न, एडिंबरा स्केल नावाची, १९८७ पासून वापरात असलेली. मग समुपदेशन सुरू झालं. "बाळंतीण आहे, होतं असं" हे वाक्य आमच्या घरात तीन जणांनी उच्चारलं होतं, पहिला मी.

मी लगेच वहीत नवा रकाना आखला: तिची झोप, जेवण, अंघोळ. दुसऱ्या दिवशी त्यात तिच्या अक्षरात शेरा होता: "मी खातं नाही. दार बंद करून झोपायला सलग पाच तास दे." तेव्हापासून रात्री दहा ते तीन लेक माझी. काढून ठेवलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तासांपर्यंत चालतं, त्यापुढचं फ्रीजमध्ये. वाटी-चमच्याने पाजायचं. पहिल्या रात्री निम्मं माझ्या बनियनने प्यायलं.

शेजारच्या काकू बायकोला म्हणतात, "नशीबवान आहेस, नवरा किती मदत करतो." दिवसभर कॅश मोजून मी बँकेला मदत करतो, असं मला अजून कुणी म्हटलेलं नाही.

७. रजा.

बायकोला २६ आठवडे, २०१७ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याने. केंद्र सरकारी नोकरीत असतो तर मला १५ दिवस मिळाले असते. आमच्या बँकेत अशी रजाच नाही. हक्काच्या रजेतले आठ दिवस काढले. पाचव्या आठवड्यात माझी गरज होती, तेव्हा मी खिडकीआड नोटा मोजत होतो.

८. चौदाव्या आठवड्याची लस.

सहा, दहा आणि चौदा, असे तीन आठवडे वहीत लाल शाईने लिहिलेले आहेत. तिसऱ्यांदा मांडीत सुई गेली तेव्हा लेक रडली, मग माझ्याकडे बघून थांबली. त्या तारखेसमोर शू, शी, मिनिटं काहीच लिहिलेलं नाही. शेऱ्यात फक्त डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेलं पॅरासिटामॉलचं माप आहे. पुढची पानं कोरी होती. त्यांवर आता दूधवाल्याचा हिशेब आहे, बायकोच्या अक्षरात.