सरकारी नेत्रविभागात जावे का?

प्रश्न : मी नेत्रशल्यचिकित्सेत एमएस केले असून पनवेलला राहते. पुढे सरकारी रुग्णालयात वरिष्ठ नेत्रतज्ज्ञ व्हावे, की स्वतःचा दवाखाना काढावा?

उत्तर : डॉक्टर, हात तयार असेल तर सरकारी विभागात जरूर जा. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी वाड्या-पाड्यांवरचे अनेक रुग्ण मोतीबिंदू पार पिकल्यावर येतात. तिथे नुसत्या फेको शस्त्रक्रियेवर भागत नाही. छोट्या छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रियाही सफाईने यायला हवी. पण वरिष्ठाची खरी कसोटी लागते ती निर्जंतुकीकरणात. शस्त्रक्रियेत वापरायच्या द्रावणाचा एक दूषित साठा त्या दिवशीच्या साऱ्या डोळ्यांना धोका ठरू शकतो. शंका आली तर त्या दिवसाची शस्त्रक्रियांची अख्खी यादी रद्द करा, कोणी कितीही रागावो. नवजात कक्षाकडेही लक्ष ठेवा : ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे दृष्टिपटल ३० दिवसांच्या आत तपासलेच पाहिजे. सरकारी नोकरीतही नाव होते : नेत्रतज्ज्ञ डॉ. तात्याराव लहाने यांना २००८ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी नाव कमावले ते जे. जे. या सरकारी रुग्णालयातच. पगार कमी, कागदपत्रे फार, हे खरे. तरी उमेदीची पहिली वर्षे तिथेच द्या, असे माझे ठाम मत आहे.