चांदीच्या भावाच्या वर

भाच्या, जुन्या इंग्रजी नाण्यांचा नाद लागलाय म्हणे तुला. लागू दे. पण ज्याच्याकडे शिकायला आलास त्याचा धंदा नाणी आटवायचा, हे ध्यानात ठेव. खानापूर, आटपाडी, तासगाव, इकडं माण-खटाव, ह्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईसाठी देशभर पांगली. सराफकट्टा असेल त्या गावात विट्याकडचं कुणीतरी भट्टी मांडून बसलेलं सापडतंच. मोड आली की मुशीत आटवायची, टंच काढायचा, लगड पाडायची. त्या मोडीत राणीछाप रुपयेही यायचे. नाण्यावर डोकं कुणाचं, हे भट्टी विचारत नाही; तिला चांदी तेवढी कळते. तूही तिथूनच सुरुवात कर. चांदीच्या भावाच्या वर जे काही देशील, ते कशासाठी देतोयस हे नाण्यावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवता आलं, तर उठून ये.

खिशात छोटा वजनकाटा ठेव. १८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या मुलखात सगळीकडं एकच रुपया चालू केला, १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. जुना तोळा तो हाच. आजचा सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो ती गोष्ट निराळी. तुझी आजी काढ्याचं प्रमाण रुपयाभार म्हणून सांगायची, ते ह्याच रुपयाचं. १८३५ पासून १९३९ पर्यंत राजे बदलले, पण वजन आणि कस तोच राहिला: बारा भागांत अकरा भाग चांदी, साधारण ९१.६६ टंच. आता नीट ऐक. हातोहात फिरलेला रुपया थोडा हलका भरणारच, त्यात गैर काही नाही. वजन आणि झीज यांचा मेळ बसला पाहिजे. राणीच्या केसांची बट न् बट दिसतेय आणि काट्यावर साडेदहा ग्रॅम येतंय, तर माल ओतीव आहे.

१९४० पासून मात्र काटा गप्प बसतो. युद्धात सरकारनं रुपयातली चांदी थेट निम्म्यावर आणली आणि वजन तेच ठेवलं. तिथं साल वाचायचं आणि कड बघायची. जुन्या भारी रुपयांना १९४१ ते १९४३ ह्या काळात एकेक राजा करून चलनातून काढलं. लोकांनी काही सरकारला परत केले, काही मडक्यात ठेवले, पुढं कितीतरी आमच्यासारख्यांच्या मुशीत गेले. १९४७ च्या रुपयात तर चांदीच नाही. तो निकेलचा, पाठीवर वाघ. त्याला चुंबक चिकटतं. चुंबकाची परीक्षा कुणीतरी अर्धी शिकवलेली असते, म्हणून लोक हा अस्सल रुपया खोटा समजून परत करतात.

आता वाचायचं काय? १८७६ पर्यंत व्हिक्टोरिया ‘क्वीन’, १८७७ पासून ‘एम्प्रेस’. हे कुणीही सांगेल. खरी गंमत १८६२ ची आहे. कंपनी गेल्यावर राणीच्या नावाचा रुपया निघाला त्यावर १८६२ पडलं आणि पुढं १८७४ पर्यंत रुपयांवर तेच साल छापत राहिले. म्हणून १८६२ चा रुपया ढिगानं मिळतो. त्यात मुंबई टांकसाळीनं ठिपके टाकलेत, सालाच्या वरखाली, कमीजास्त. भिंग घे आणि ठिपके मोज. विकणारा बहुतेक वेळा मोजत नाही, आणि तुझ्यासारख्याला तिथंच वाव आहे.

पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया ‘डुकराचा रुपया’ म्हणून ओळखतात. राजाच्या झग्यावरच्या पदकात हत्ती होता, पण सोंड इतकी आखूड उठली की लोकांना तो डुक्कर वाटला. बोंब झाली, नाणी मागं घेतली, १९१२ पासून हत्ती दुरुस्त झाला. हा रुपया आणि १९३९ चा दुर्मीळ रुपया कुणी स्वस्तात देऊ लागला, तर जाणत्याला दाखवल्याशिवाय पैसे सोडू नकोस. १९३८ मधला आठ कोरून त्याचा नऊ करणारे हात आपल्याकडंही आहेत.

धुण्याचं बोलतो, कारण नाण्यांचं सगळ्यात जास्त नुकसान घरातच होतं. लक्ष्मीपूजनाला बायाबापड्या चिंच नाहीतर राख घेऊन बसतात आणि रुपये आरशासारखे लखलखीत करतात. दरवर्षी थोडा चेहरा जातो. पूजा थांबवा म्हणणारा मी कोण? देवघरासाठी एक झिजका रुपया वेगळा काढून दे, कडी लावलेला असला तरी चालेल. नाहीतरी माळेत घालायला डाक लावलेलं नाणं संग्राहक घेत नाही. ते चांदीच्याच भावानं जातं. बाकीच्यांवरचा काळपटपणा तसाच राहू दे. कडेनं धर, तोंडाला बोट लावू नकोस. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीला काळं करतात, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात वर्षभरानं हिरवा चिकटा धरतो.

आता भामटे. यात्रेत तांब्याचं नाणं मिळतं: एका बाजूला रामपंचायतन किंवा मारुती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलं नाही. ते देवाचं टोकन आहे, देवघरात ठेव, लाखाची स्वप्नं बघू नकोस. कुणी तांदूळ ओढणारं नाणं म्हटलं, तर त्याच्यासोबत चहासुद्धा घेऊ नकोस. त्यापायी शहाण्यासुरत्या माणसांनी जमिनी विकल्यात. आणि फोनवर ‘तुमच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, आधी नोंदणी फी भरा’ म्हणणाऱ्यांचं पीक आलंय. रिझर्व्ह बँकेचं नाव घेतात. त्या बँकेनं २०२१ सालीच जाहीर केलंय की असले व्यवहार आम्ही करत नाही आणि फी घेत नाही.

खऱ्या विलायती नाण्यांसाठी बाजारात फिरू नकोस, साताऱ्याच्या फौजी गावांतल्या ट्रंका बघ. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतली माणसं दोन्ही महायुद्धांत लढली, आणि परतलेल्या फौजींच्या ट्रंकेत पेनी-शिलिंग सापडतात. १९२० च्या आधीच्या शिलिंगमध्ये ९२.५ टक्के चांदी, मग १९४६ पर्यंत निम्मी, १९४७ पासून अजिबात नाही. पेनी कांस्याची, किंमत फारशी नाही. पण ती कुठल्या लढाईतून कुणी आणली हे घरातल्या म्हातारीला विचारून त्याच दिवशी पाकिटावर लिहून ठेव. आणि म्हातारीकडून घेताना चांदीचा त्या दिवसाचा भाव आधी तिला सांगायचा, मग हात पुढं करायचा.

वाडा पाडताना भिंतीत किंवा जमिनीत गाडगं निघालं, तर ते छंदाच्या हिशेबात धरू नकोस. १८७८ चा कायदा अजून चालू आहे. १० रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. तुझ्या अमेरिकेतल्या भावाला आठवण म्हणून काही द्यायचंच असेल, तर १९४७ चा वाघ दे. त्याची शंभरी अजून भरायची आहे.