मैफलीचे तिकीट आणि घरखर्चाची वही

रविवार, दि. २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बारा वाजता देशभरातील असंख्य घरांत एकाच वेळी संगणक आणि मोबाईल उघडले गेले. 'कोल्डप्ले' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या जानेवारी २०२५ मधील नवी मुंबईच्या कार्यक्रमांची तिकीटविक्री त्या क्षणी 'बुकमायशो'वर सुरू होत होती. विक्रेत्या कंपनीने नंतर सांगितल्याप्रमाणे रांगेत उभ्या राहिलेल्यांची संख्या एक कोटी तीस लाखांहून अधिक होती. प्रारंभी दोनच कार्यक्रम ठरले होते. मागणीचा रेटा पाहून तिसरा वाढविण्यात आला आणि एका व्यक्तीला मिळणाऱ्या तिकिटांची मर्यादा आठवरून चारवर आणण्यात आली. तरीही काही मिनिटांतच तिकिटे संपली. डी. वाय. पाटील स्टेडियमच्या प्रेक्षागारातील तिकीट २,५०० रुपयांपासून सुरू होत होते, मैदानात उभे राहून ऐकण्यासाठी ६,४५० रुपये मोजावे लागत होते आणि विशेष कक्षातील जागेचा दर ३५,००० रुपये होता. पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर हीच तिकिटे लाखांच्या घरात मागितली जाऊ लागली.

या प्रसंगाची पुष्कळ चर्चा झाली. एका बाजूस 'एका संध्याकाळीसाठी एवढे पैसे!' असा उद्गार होता, तर दुसऱ्या बाजूस 'कमावतो कशासाठी?' असा प्रश्न. दोन्ही उद्गार बहुधा एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर निघाले असतील. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या दोहोंपैकी कोणताही उद्गार आपल्या परीने चुकीचा नाही. कुटुंबाचा पैसा कोठे जावा हे ठरविण्याची पद्धत मात्र या निमित्ताने तपासून पाहण्यासारखी आहे.

प्रथम रकमेचे परिमाण पाहू. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी भागातील दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये, तर ग्रामीण भागातील ४,१२२ रुपये होता. म्हणजे शहरातील चौघांच्या सरासरी कुटुंबाचा महिन्याचा एकूण खर्च सुमारे २८,००० रुपये. मैदानातील चार तिकिटांची किंमत होते २५,८०० रुपये. एका संध्याकाळीचे मोल जवळजवळ एका महिन्याच्या संपूर्ण संसाराएवढे! अर्थात हे तिकीट घेणारे कुटुंब सरासरीचे नसते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. शहरी कुटुंबाच्या खर्चातील अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये ४८ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४० टक्क्यांच्या किंचित खाली आला. उत्पन्न वाढले की अन्नावरील खर्चाचे प्रमाण घटते, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली मांडला होता. पोट भरल्यावर उरणाऱ्या रुपयाला वाटा अनेक फुटतात, आणि वाटा अनेक झाल्या की घरातील मतभेदही वाढतात. आजोबांच्या पिढीत हा प्रश्नच नव्हता. कारण निवडीला फारसा वावच नव्हता.

आता तिकीट इतके महाग का, याकडे वळू. अमेरिकन अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रयोगजन्य कलांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. त्यांचे निरीक्षण साधे होते. कारखान्यात यंत्र आले की तेच काम कमी माणसांत होते. परंतु चार वादकांची रचना वाजविण्यास दोनशे वर्षांपूर्वीही चारच वादक लागत आणि आजही चारच लागतात. इतर क्षेत्रांतील वेतन वाढत गेले की कलाकाराचे मानधनही वाढणारच. उत्पादकता मात्र तेथेच राहते. त्यात ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून होणारी कमाई आटल्यावर कलावंतांचा भर प्रत्यक्ष कार्यक्रमांवर आला. पुरवठ्याची बाजूही आखडलेली असते. साबणाची मागणी वाढली तर कारखाना दुसरी पाळी सुरू करतो. गायकाला फार तर तिसरी रात्र वाढविता येते. नवी मुंबईनंतर दि. २५ आणि २६ जानेवारी २०२५ रोजी अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर प्रत्येक रात्री एक लाखाहून अधिक श्रोते जमले, तरी तिकीट न मिळालेल्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठीच राहिली.

काळाबाजार येथेच जन्म घेतो. छापील दर हा बाजाराला सोसणाऱ्या दरापेक्षा कमी ठेवला की मधला फरक मध्यस्थ उचलतो. दर चढा ठेवला तर तो पैसा आयोजकाकडे राहतो, परंतु विद्यार्थी श्रोता बाहेर पडतो. आयोजकांची ही कोंडी खरी आहे. या वाद्यवृंदाने त्यावर एक तोडगा काढला होता. सुमारे २,००० रुपयांची काही तिकिटे नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतंत्रपणे विकली गेली. ती जोडीनेच घ्यावी लागत आणि जागा कोठे मिळेल हे आधी कळत नसे. जागा ठाऊक नसलेले तिकीट चढ्या भावाने विकणे दलालाला अवघड जाते, हे त्यामागील एक गमक म्हणता येईल. तिकिटांच्या काळ्या बाजारासंबंधीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. याविषयी नियम करणे हे कायदेमंडळाचे व शासनाचे काम आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. तात्पर्य, दलालाला दिलेल्या पैशाचे संरक्षण ग्राहकाला बहुतांशी स्वतःच करावे लागते. बनावट तिकीट घेऊन प्रवेशद्वारावर पोहोचलेल्या कुटुंबाला परतीच्या गाडीचे भाडेही चुकत नाही.

आणि हे भाडे, हा निवासखर्च, हीच या विषयातील सर्वाधिक दुर्लक्षित बाजू होय. अहमदाबादच्या कार्यक्रमांच्या वेळी पश्चिम रेल्वेने मुंबईहून विशेष गाड्या सोडल्या, तरी हॉटेलांचे दर कित्येक पटींनी चढल्याच्या बातम्या सर्वत्र होत्या. उदाहरणादाखल नागपूरचे एक चौकोनी कुटुंब घेऊ. तिकिटांचे २५,८०० रुपये. चौघांचा येण्याजाण्याचा प्रवास, एक रात्र मुक्काम, जेवण, स्टेडियमपर्यंतची टॅक्सी यांचे साधारण १४,००० रुपये धरले, तर आकडा ४०,००० च्या आसपास जातो. घरात वाद २५,८०० वर होतो. खर्च मात्र ४०,००० चा होतो.

यापुढील प्रश्न अधिक रंजक आहे. हीच रक्कम फ्रिज बिघडल्यावर घरातून निमूटपणे बाहेर पडते, लग्नाच्या आहेरात जाते, मग तिकिटापाशीच का अडखळते? डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रसिद्ध प्रयोग केला होता. समजा, आपण दहा डॉलरचे नाटकाचे तिकीट घेण्यास निघालात आणि नाट्यगृहापाशी दहा डॉलरची नोट हरवल्याचे लक्षात आले. तरीही तिकीट घ्याल का? ८८ टक्के लोकांनी होकार दिला. दुसऱ्या गटाला विचारले, की आधीच घेतलेले दहा डॉलरचे तिकीट हरवले, तर नवे घ्याल का? येथे केवळ ४६ टक्के 'हो' म्हणाले. दोन्ही प्रसंगी नुकसान दहा डॉलरचेच. परंतु हरवलेली नोट मनाच्या सामान्य खात्यात जाते, तर दुसरे तिकीट 'नाटक' या खात्यावर पडते आणि त्या खात्यात नाटक वीस डॉलरचे होऊन बसते. कानेमन यांना २००२ मध्ये आणि या 'मानसिक खात्यां'चा पुढे विस्तृत अभ्यास करणारे रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मराठी गृहिणीला हे खातेप्रकरण कोणत्याही विद्यापीठाच्या आधीपासून ठाऊक आहे. दूधवाल्याचे पाकीट वेगळे, किराण्याचे वेगळे, शाळेच्या फीचे वेगळे आणि डाळीच्या डब्यातील पुरचुंडी सर्वांत वेगळी. ही पद्धत तर्कशुद्ध नाही, कारण रुपया शेवटी रुपयाच असतो. पण ती शिस्त देते, म्हणून टिकली. तिच्यात एक उणीव मात्र आहे. ज्या गोष्टीचे पाकीटच कधी बनले नाही, ती गोष्ट प्रत्येक वेळी उधळपट्टी ठरते. फ्रिजला 'घरदुरुस्ती'चे पाकीट आहे, आहेराला 'देणेघेणे' आहे. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या संगीताला नाही, आणि बहुतेक घरांत आईच्या इच्छेला तर नाहीच. मुलीच्या मैफलीवरून घरात जाहीर वाद तरी होतो. आईला पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला एकदा जावयाचे होते, ही गोष्ट अनेकदा वादाच्या पातळीपर्यंतही येत नाही. १९५३ पासून चालत आलेल्या या महोत्सवात भारतीय बैठकीचे तिकीट खुर्चीपेक्षा स्वस्त असते. तेव्हा तेथे अडचण रकमेची नसून पाकिटाची असते. वर्षाच्या आरंभी प्रत्येक सदस्याने आपली एकेक इच्छा आणि तिचा अंदाजे खर्च वहीत लिहिला, तर मोठ्या आवाजात मागणाऱ्यालाच मिळते, ही स्थिती थोडी तरी बदलू शकेल.

तिकीट हाती आल्यावर मनाचा हिशेब पुन्हा बदलतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात बास्केटबॉलच्या महत्त्वाच्या सामन्याची तिकिटे सोडतीने दिली जात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, सोडतीत न लागलेले विद्यार्थी तिकिटासाठी सरासरी १७० डॉलरच्या आसपास देऊ करीत होते. लागलेले विद्यार्थी मात्र सुमारे २,४०० डॉलर मागत होते. सोडतीपूर्वी दोन्ही गट सारखेच उत्सुक होते. म्हणूनच 'तिकीट लागले तर ठरवू' असे म्हणणाऱ्या कुटुंबाने प्रत्यक्षात निर्णय घेऊन टाकलेला असतो. चर्चा व्हावयाची तर ती रांगेत शिरण्यापूर्वी व्हावी.

या खर्चातील खरा धोका मात्र पुढे आहे. ज्या घरात पैसा साठलेला असतो, तेथे ४०,००० रुपयांची संध्याकाळ ही केवळ निवड असते. जेथे तो नसतो, तेथे क्रेडिट कार्ड पुढे येते. कार्डावरील थकबाकीला दरमहा साडेतीन टक्के व्याज ही सर्वसाधारण बाब आहे. देय तारखेस पूर्ण रक्कम न भरता केवळ पाच टक्के किमान रक्कम, म्हणजे २,००० रुपये भरले असे समजू. ४०,००० रुपयांवर महिन्याचे व्याज १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर २५२ रुपये. एकूण १,६५२ रुपये. म्हणजे भरलेल्या दोन हजारांपैकी मूळ रक्कम घटली अवघी ३४८ रुपयांनी! शिवाय पूर्ण रक्कम न भरल्याने नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही त्या काळात मिळत नाही, आणि किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. गाणे कानात असते तोवर हे जाणवत नाही. जूनमध्ये मुलीच्याच प्रवेशशुल्काची वेळ आली, की जानेवारीची ती रात्र पासबुकात पुन्हा भेटते.

कराचा उल्लेख निघालाच आहे म्हणून एक गोष्ट नोंदवावी. नाटक, नृत्य वा संगीताच्या कार्यक्रमाचे तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. त्यापुढे मात्र संपूर्ण किमतीवर १८ टक्के लागतो. मराठी नाटकांचे अनेक प्रयोग या मर्यादेच्या आत राहतात, त्यामुळे चौघांचे कुटुंब दोन हजारांच्या आत उत्तम नाटक पाहू शकते. याचा अर्थ मुलीला कोल्डप्लेऐवजी नाटकाला न्यावे असा नव्हे. तसे सुचविणाऱ्या पित्याला काय उत्तर मिळेल हे सांगावयास नको.

साठवणुकीचा मार्ग जुनाच आहे. दरमहा २,५०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते बारा महिने चालविले, आणि व्याजदर सहा टक्के धरला, तर ३०,००० रुपये मुद्दल व हजाराच्या आसपास व्याज हाती येते. येथे मुदत निवडताना एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. कोल्डप्लेचा पहिला कार्यक्रम १८ जानेवारीला होता, पण पैसे भरावे लागले २२ सप्टेंबरला; जवळजवळ चार महिने आधी. मोठ्या कार्यक्रमांची विक्री अशीच, घोषणेनंतर थोड्याच दिवसांत उरकते. त्यामुळे घोषणा ऐकून सुरू केलेले आवर्ती खाते तिकिटाच्या कामी येत नाही; प्रवासाच्या आणि मुक्कामाच्या खर्चापुरते फार तर येते. तिकिटासाठीचे खाते कोणता कलावंत येणार हे ठाऊक नसतानाच उघडावे लागते, आणि मुदतीपूर्वी बंद करावे लागल्यास कमी व्याज मिळेल की दंड पडेल, याची चौकशी खाते उघडण्याच्या दिवशीच शाखेत करून ठेवावी लागते.